डिस्चार्ज समरीत नसलेला आजार लिहिला आहे. दुरुस्ती कशी करून घ्यायची?

पाऊलवाट

बाबा दम्याचा जोरदार अ‍ॅटॅक येऊन अ‍ॅडमिट होते. आता घरी आहेत, तब्येत बरी आहे. इन्शुरन्सची फाइल लावायला बसले तेव्हा डिस्चार्ज समरी ओळ न् ओळ वाचली. 'पूर्वेतिहास' या मथळ्याखाली लिहिलंय: 'टाइप २ मधुमेह, १० वर्षांपासून, गोळ्या चालू.'

बाबांना मधुमेह नाही. कधीच नव्हता. जुने सगळे रिपोर्ट घरात आहेत, अ‍ॅडमिट व्हायच्या थोडं आधीचा एचबीए१सी (साखरेची रक्ततपासणी) ५.५ आहे. हॉस्पिटलात मध्ये काही दिवस इन्सुलिन देत होते हे खरं. तेव्हा विचारलं होतं, तर सिस्टर म्हणाल्या, औषधामुळे साखर वाढलीय, उतरेल. आणि उतरलीही.

वॉर्डमध्ये फोन केला तर उत्तर मिळालं, "समरी सिस्टीममधून निघते, फायनल झाली की बदलता येत नाही." इन्शुरन्सवाले 'आधीपासूनचा आजार लपवला' म्हणून क्लेम अडवतील ही धास्ती आहेच. पण त्याहून जास्त भीती वाटते ती पुढच्या वेळेची. बाबांना बोलता येत नसेल आणि इमर्जन्सीतला नवीन डॉक्टर हाच कागद बघून औषध ठरवत असेल तर?

कुणी अशी दुरुस्ती करून घेतली आहे का? भेटायचं कुणाला, लिहायचं काय?

---

स्टेथोस्कोप

मी फिजिशियन आहे. तुमच्या वर्णनावरून निम्मी गोष्ट तरी उलगडते. दम्याच्या मोठ्या अ‍ॅटॅकमध्ये स्टेरॉइड द्यावंच लागतं आणि स्टेरॉइडने साखर चढते. मधुमेह नसलेल्या माणसाचीही चढते, विशेषतः दुपारनंतर. मग काही दिवस इन्सुलिन लागतं आणि स्टेरॉइडचा डोस उतरला की साखरही उतरते. इथवर सगळं योग्यच झालं.

गडबड पुढे होते. शिफ्ट बदलते, नवीन डॉक्टर ड्रग चार्टवर इन्सुलिन बघतो आणि आपल्या नोटमध्ये 'मधुमेही' लिहितो. त्यानंतरची प्रत्येक नोट आधीच्या नोटवरून उचललेली असते. चार नोटांमध्ये तीच ओळ दिसली की पाचव्या डॉक्टरला शंका यायचं कारणच उरत नाही. प्रत्यक्षात ती एकाच माणसाची एकच समजूत असते.

तुमच्याकडचा एचबीए१सी फार कामाचा आहे, कारण तो मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतो. ५.७ च्या खाली म्हणजे नॉर्मल, ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह. तो रिपोर्ट स्टेरॉइड सुरू होण्याआधीचा आहे, हे अर्जात तारखेसकट लिहा. बाबांना मोठा अ‍ॅनिमिया नव्हता ना, किंवा त्या सुमारास रक्त चढवलं नव्हतं ना? तसं असेल तर या तपासणीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

एक मात्र मला खटकतंय. '१० वर्षांपासून, गोळ्या चालू' हे इन्सुलिन बघून कुणी लिहिणार नाही.

---

जुनं दप्तर

डॉक्टरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, समरी हा सगळ्यात शेवटचा कागद असतो. तो बाकीच्या कागदांवरून तयार होतो, आणि बऱ्याचदा ज्याने पेशंटला पहिल्या दिवशी पाहिलं तो डॉक्टर तो तयार करत नाही. तेव्हा समरीवर भांडण्याआधी पूर्ण इनडोअर केस पेपरची प्रत मागा: कॅज्युअल्टीचा पहिला कागद, हिस्टरी शीट, रोजच्या नोट्स, नर्सिंग चार्ट, ड्रग चार्ट, लॅबचे रिपोर्ट. पहिल्या पानापासून पुढे वाचत या आणि 'मधुमेह' हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते शोधा. त्याच्यासमोरची तारीख, वेळ आणि सही टिपून ठेवा. चूक तिथे दुरुस्त झाली पाहिजे. नुसती समरी बदलली आणि मूळ कागद तसाच राहिला, तर पुढच्या वेळी बाबा अ‍ॅडमिट झाल्यावर तीच ओळ पुन्हा वर येईल.

'बदलता येत नाही' हे वॉर्डचं उत्तर अर्धंच खरं आहे. लिहिलेली नोंद पुसता येत नाही, आणि पुसू नयेच, कारण त्या वेळी डॉक्टरांसमोर काय माहिती होती याचा तो पुरावा असतो. पण दुरुस्त जरूर करता येते. कागदावर असेल तर चुकीच्या शब्दांवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद, तारीख, वेळ, सही. व्हाइटनर लावणं किंवा गिरवून काळं करणं म्हणजे कागदाशी छेडछाड. कॉम्प्युटरवर असेल तर पुरवणी नोंद जोडतात आणि सुधारित समरी काढतात. जुनी आवृत्ती आत जपून राहते आणि कुणी कधी काय बदललं याची नोंद सिस्टीम ठेवते. म्हणून अर्जात 'नोंद काढून टाका' असं लिहू नका. 'दुरुस्ती करून सुधारित समरी द्यावी' असं लिहा. पहिल्या मागणीला नियमानेच नकार येतो, दुसरीला नकार द्यायला त्यांना कारण शोधावं लागतं.

अर्ज वॉर्डमध्ये देऊ नका. मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावे लिहा, एक प्रत उपचार करणाऱ्या कन्सल्टंटना, आणि आवक शिक्का मारलेली एक प्रत स्वतःकडे. मजकूर साधारण असा:

'माझे वडील अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे दाखल होते, आयपीडी क्रमांक अमुक. त्यांच्या डिस्चार्ज समरीत, पान १, "पूर्वेतिहास" या मथळ्याखाली "टाइप २ मधुमेह, १० वर्षांपासून, गोळ्या चालू" अशी नोंद आहे. त्यांना दाखल होण्यापूर्वी मधुमेह नव्हता व त्यासाठी कोणतेही औषध चालू नव्हते. दाखल होण्यापूर्वीचे रिपोर्ट व फॅमिली डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. उपचारादरम्यान स्टेरॉइडमुळे वाढलेल्या साखरेसाठी तात्पुरते इन्सुलिन दिले गेले, याची नोंद तशीच ठेवावी. मूळ नोंद तपासून दुरुस्ती करावी, निदानाचा कोड बदलावा आणि सुधारित समरी द्यावी. दुरुस्ती शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.'

वडिलांची सही घ्या. ते सही करू शकत नसतील तर त्यांचं अधिकारपत्र जोडा. कोडचा मुद्दा गाळू नका. समरीवरचं निदान आयसीडी-१० च्या, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या, कोडमध्ये बदलून भरलं जातं. टाइप २ मधुमेहाचा कोड ई११. इन्शुरन्सकडे आणि इतर रजिस्टरमध्ये शब्दांच्या आधी हा कोड पोचतो. शब्द दुरुस्त झाले आणि कोड राहिला, तर कॉम्प्युटरच्या लेखी बाबा मधुमेहीच.

इन्सुलिनचं वाक्य मुद्दाम घातलंय. स्टेरॉइडवर साखर चढली ही खरी आणि पुढे उपयोगी माहिती आहे. पुढच्या अ‍ॅटॅकच्या वेळी डॉक्टरांना ती हवीच.

आता '१० वर्षांपासून, गोळ्या चालू'. बाबांना दुसरं काही १० वर्षांपासून आहे का?

---

पाऊलवाट

दादा, अंगावर काटा आला वाचून. बाबांना ब्लड प्रेशर आहे, साधारण १० वर्षांपासून, रोज गोळी घेतात. आणि आता समरी पुन्हा पाहिली तर ब्लड प्रेशरचा उल्लेखच नाही!

---

जुनं दप्तर

मग कॅज्युअल्टीचा कागद नीट बघा. छापील फॉर्मवर हे दोन आजार बहुतेक वेळा शेजारी-शेजारी चौकटीत असतात. धाप लागलेला पेशंट तुटक बोलत असतो, लिहिणारा घाईत असतो. खूण एका चौकटीच्या शेजारी पडली की संपलं.

---

स्टेथोस्कोप

हे असेल तर चुका दोन आहेत, आणि दुसरी मला पहिलीहून जास्त महत्त्वाची वाटते. नसलेला आजार लिहिलेला लगेच डोळ्यात भरतो. असलेला आजार गळालेला कुणाच्या लक्षात येत नाही, कारण कोऱ्या जागेवर नजर थांबत नाही. दम्याच्या पेशंटला ब्लड प्रेशरची कोणती गोळी चालू आहे हे कळायलाच हवं, कारण त्यातल्या बीटा ब्लॉकर गटातल्या काही गोळ्यांनी श्वासनलिका आवळू शकतात. बाबांच्या गोळीचं नाव आणि डोस अर्जात घाला आणि ती समरीत यायला हवी असं स्पष्ट लिहा.

दरम्यान समरीतली औषधांची यादी आणि बाबा रोज घेतात त्या गोळ्या समोरासमोर ठेवून फॅमिली डॉक्टरांना दाखवा. साखरेची एखादी गोळी यादीत शिरली असेल तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत ती सुरू करू नका.

---

चक्रधर

माझं मत वेगळं आहे. लेखी अर्ज दिला की हॉस्पिटल सावध होतं, सगळं लीगलकडे जातं आणि साधी गोष्ट रखडते. कन्सल्टंटना ओपीडीत भेटा, शांतपणे सांगा, ते पाच मिनिटांत करून देतील. आणि नाहीच केलं तर फॅमिली डॉक्टरचं पत्र फाइलला लावून ठेवा. उगाच शत्रुत्व कशाला?

---

जुनं दप्तर

चक्रधर, आधी कन्सल्टंटना भेटावं हे मान्य. बहुतेक डॉक्टर दाखवल्यावर लगेच मान्य करतात, चूक त्यांनाही नको असते. पण भेटून झाल्यावर त्याच दिवशी अर्ज द्या, आणि त्यात 'आपल्याशी बोलणे झाल्याप्रमाणे' असं लिहा. तोंडी सांगितलेलं ओपीडीच्या गर्दीत राहून जातं. ज्युनियर डॉक्टर बदलून जातात. अर्जाला आवक क्रमांक असतो, म्हणून कुणाला तरी तो निकालात काढावा लागतो. त्यात शत्रुत्व कुठे आलं? भाषा सभ्य ठेवा, 'निष्काळजीपणा' वगैरे शब्द घालू नका, तपशील घाला.

फॅमिली डॉक्टरचं पत्र आपल्या फाइलला राहतं. चुकीची नोंद मात्र हॉस्पिटलच्या सिस्टीममध्ये बसून राहते, आणि मध्यरात्री अ‍ॅडमिट झाल्यावर तिथले लोक आधी आपली सिस्टीम उघडतात.

---

दवबिंदू

अगदी. माझ्या फाइलला वर्षानुवर्षं 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असा लाल शेरा होता. मूळ प्रकार इतकाच की लहानपणी ते औषध घेतल्यावर पोट बिघडलं होतं आणि आईने तसं सांगितलं होतं. पोट बिघडणं हा दुष्परिणाम. अंगावर गांधी येणं, ओठ-घसा सुजणं, धाप लागणं ही अ‍ॅलर्जी. लिहिताना दोन्ही एकाच रकान्यात गेलं. परिणाम असा की प्रत्येक इन्फेक्शनला मला दुसरी, जास्त व्यापक अँटिबायोटिक मिळत गेली.

शेवटी अ‍ॅलर्जी तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी सगळी हिस्टरी विचारली, मग तपासणी केली आणि लेखी दिलं की अ‍ॅलर्जी नाही. त्यांनीच सांगितलं की असा शेरा असलेल्या १० पैकी साधारण ९ जणांना तपासणीत अ‍ॅलर्जी निघत नाही. पण हे घरी औषध घेऊन बघण्याचं काम नव्हे, ज्यांना खरी असते त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

ते पत्र मिळाल्यावरही शेरा आपोआप गेला नाही. फॅमिली डॉक्टर, दातांचे डॉक्टर, औषधांचं दुकान, जुनं हॉस्पिटल, प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगावं लागलं. पाऊलवाट, समरी कुठे कुठे गेली आहे याची यादी आत्ताच करून ठेव.

---

रानफूल

थोडा वेगळा प्रश्न. माझ्या नोट्समध्ये एका डॉक्टरांनी लिहिलंय, 'रुग्ण वेदना वाढवून सांगते, मानसिक कारण असण्याची शक्यता.' पुढे स्कॅनमध्ये कारण सापडलं, ऑपरेशनही झालं. पण ते वाक्य फाइलमध्ये तसंच आहे आणि प्रत्येक नवीन डॉक्टर ते वाचून माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो असं वाटतं. हे दुरुस्त होतं का?

---

स्टेथोस्कोप

रानफूल, वाचून वाईट वाटलं. असं वाक्य पुढच्या डॉक्टरचे कान बंद करतं. दुखण्याबद्दल पेशंट काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहावं, असं मी ज्युनियर्सना नेहमी सांगतो.

पण ही नोंद दुरुस्त करून घेणं जास्त अवघड आहे. गुडघा डावा की उजवा, तारीख कोणती, आजार आहे की नाही, हे पुराव्याने ठरतं. डॉक्टरांचं त्या वेळचं मत ही त्यांची नोंद असते, आणि ते पुढे चुकीचं ठरलं तरी 'त्यांचं मत असं होतं' हे खरंच राहतं. म्हणून खोडण्याऐवजी शेजारी आपलं म्हणणं जोडायची मागणी करा: अमुक तारखेच्या स्कॅनमध्ये अमुक सापडलं, अमुक तारखेला ऑपरेशन झालं, वेदनांचं शारीरिक कारण सिद्ध झालं. ती नोट जिथे उघडेल तिथे हेही दिसलं पाहिजे, हा आग्रह धरा. शिवाय सध्याच्या डॉक्टरांना विनंती करा की समस्यांच्या यादीत, म्हणजे सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या पानावर, खरं निदान घाला. माझ्या अनुभवात याचा जास्त उपयोग होतो.

---

कलमबहाद्दर

कायद्याचं थोडक्यात, कारण इथे वेगवेगळ्या देशांतले वाचक आहेत.

अमेरिकेत हिपाच्या (आरोग्य माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) नियमांप्रमाणे दुरुस्ती मागण्याचा हक्क आहे. उत्तर ६० दिवसांत द्यावं लागतं, कारण लेखी कळवून एकदा ३० दिवस वाढवता येतात. नकार लेखी आणि कारणासकट द्यावा लागतो, आणि मग आपलं असहमतीचं निवेदन देता येतं, जे त्या नोंदीशी जोडावं लागतं. रानफूल यांना हवं ते हेच. युरोपीय संघात जीडीपीआरचं (वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा) कलम १६ चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क देतं, ब्रिटनमध्येही तीच तरतूद आहे. मुदत एक महिना, प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने. भारतात २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दुरुस्तीचा हक्क लिहिलेला आहे. त्याच २००२ च्या नियमांत इनडोअर पेशंटची कागदपत्रं किमान ३ वर्षंच जपायचं बंधन आहे, त्यामुळे जुन्या नोंदींच्या प्रती मागायच्या असतील तर उशीर करू नका.

---

सांजवारा

दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट आपल्या फाइलमध्ये आला तर? माझ्या ऑनलाइन खात्यात एक बायोप्सी रिपोर्ट दिसतोय. नाव माझंच आहे, पण माझी बायोप्सी कधी झालीच नाही.

---

जुनं दप्तर

सांजवारा, हे आजच्या आज कळवा, उद्यावर टाकू नका. सारख्या नावाच्या दोन पेशंटच्या फाइली एकमेकींत मिसळल्या असण्याची शक्यता आहे. तुमच्या फाइलमध्ये त्यांचा रिपोर्ट आहे याचा अर्थ त्यांच्या फाइलमध्ये तो नसू शकतो. ती व्यक्ती कदाचित त्याच रिपोर्टची वाट बघत असेल. आणि तुमचंही काहीतरी तिकडे गेलेलं असू शकतं.

रिपोर्टवरची जन्मतारीख आणि पेशंट क्रमांक तुमच्याशी जुळतो का ते बघा. ओळख पटवताना नावाबरोबर दुसरी खूण तपासायचा नियम यासाठीच आहे. रिपोर्ट डाउनलोड करून कुणाला पाठवू नका, इथे तर मुळीच टाकू नका, ती दुसऱ्याची खासगी माहिती आहे. रेकॉर्ड विभागाला रिपोर्टचा क्रमांक आणि तारीख सांगा. आणि 'हा रिपोर्ट काढा' एवढ्यावर थांबू नका. दोन्ही फाइली सुरुवातीपासून तपासायला सांगा: रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं. यातली एखादी ओळ उसनी आली असेल तर ती बायोप्सीसारखी सहज दिसणार नाही.

---

सांजवारा

जन्मतारीख वेगळी आहे. आत्ताच फोन केला, तक्रार क्रमांक घेतला. मनापासून आभार.

---

घारापुरी

वाचून माझीही फाइल उघडली. वजनाच्या रकान्यात किलोऐवजी पौंडाचा आकडा आहे. हे कळवण्याइतकं महत्त्वाचं आहे का?

---

स्टेथोस्कोप

हो. ७० किलो म्हणजे सुमारे १५४ पौंड. तो १५४ आकडा किलो म्हणून वाचला गेला तर वजनावर ठरणारी औषधं दुपटीहून जास्त जातील. लहान मुलांमध्ये बहुतेक डोस वजनावरच ठरतात, त्यामुळे मुलांच्या फाइलमध्ये हा रकाना आधी बघा.

आणि पेशंटने नोंदी वाचून चुका दाखवणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास, असं कुणी समजू नये. अमेरिकेत २२ हजारांहून जास्त रुग्णांची एक पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. स्वतःच्या नोट्स वाचलेल्यांपैकी साधारण दर ५ जणांत एकाला चूक सापडली होती, आणि त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त लोकांना ती गंभीर वाटली होती. निदान, पूर्वेतिहास, औषधं याच जागा पुन्हा पुन्हा निघाल्या. घाईत लिहिणाऱ्याला जे दिसत नाही ते पेशंटला एका नजरेत दिसतं, कारण त्याचं स्वतःचं शरीर त्याला ठाऊक असतं.

---

पाऊलवाट

अपडेट देते.

केस पेपरची प्रत मिळाली. दादांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. कॅज्युअल्टीच्या फॉर्मवर 'डीएम' (मधुमेह) आणि 'एचटीएन' (ब्लड प्रेशर) या चौकटी एकाखाली एक आहेत. बरोबरची खूण 'डीएम'समोर, आणि पुढच्या रिकाम्या जागेत हाताने लिहिलंय, '१० वर्षे, गोळी रोज सकाळी.' बाबा ब्लड प्रेशरची गोळी सकाळीच घेतात. त्यानंतरच्या प्रत्येक नोटमध्ये मधुमेह आहे. फक्त एका सिस्टरनी नर्सिंग चार्टवर लिहिलंय, 'नातेवाईक सांगतात मधुमेह नाही, डॉक्टरांना कळवले.' त्यापुढे कुणी काही लिहिलेलं नाही. त्या सिस्टरना शोधून भेटले, आभार मानले.

कन्सल्टंट भेटले. फॉर्म पाहिल्यावर त्यांनी स्वतःहून दिलगिरी व्यक्त केली आणि सुधारित समरीवर सही केली. पूर्वेतिहासात आता 'उच्च रक्तदाब, १० वर्षांपासून' आणि गोळीचं नाव, मधुमेह नाही, आणि खाली 'स्टेरॉइड चालू असताना साखर वाढली, तात्पुरते इन्सुलिन.' रेकॉर्ड विभागात अर्ज दिला, शिक्का घेतला. कोडला वेळ लागला, तिथे पुन्हा जावं लागलं, पण झाला. बाबांची गोळी बीटा ब्लॉकर नाही हेही विचारून घेतलं.

आता एकच अडकलंय. जुनी समरी हॉस्पिटलने इन्शुरन्सला आधीच पाठवली होती. नवीन मी पाठवू की त्यांनी पाठवायची?

---

जुनं दप्तर

उत्तम काम केलंत ताई. दोघांनी पाठवायची. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला सांगा की सुधारित समरी त्यांनी त्यांच्या मार्गाने पाठवावी, म्हणजे ती घरून बदलून आणली असा संशय येणार नाही. तुम्ही स्वतंत्रपणे क्लेम क्रमांक घालून ईमेल करा: सुधारित समरी, कॅज्युअल्टी फॉर्मची प्रत, अ‍ॅडमिट होण्याआधीचा एचबीए१सी. जुन्या समरीच्या प्रतीवर पेनाने काहीही लिहू नका. 'सुधारित समरी विचारात घेतली' असं त्यांच्याकडून लेखी उत्तर येईपर्यंत फाइल उघडी ठेवा.

पॉलिसीच्या प्रपोजल फॉर्मवर ब्लड प्रेशर लिहिलेलं आहे ना, तेवढं तपासा.

---

पाऊलवाट

लिहिलेलं आहे, आत्ताच पाहिलं. ईमेल आज पाठवते. फॅमिली डॉक्टर आणि औषधांच्या दुकानाला नवीन समरी दिली, जुनी परत घेतली. उत्तर आलं की इथे कळवेन.